मुरलीअण्णा, विमान जमिनीवर रस्ता चुकतं त्याचंही बघा

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री

अण्णा, नमस्कार.

डिसेंबर 2024 मध्ये गोव्यात मोपा विमानतळावर काय झालं ते तुम्हाला माहितीच असेल. हैदराबादला निघालेलं विमान रनवे सोडून टॅक्सीवेवरच, म्हणजे रनवेपर्यंत ये-जा करायच्या रस्त्यावरच टेकऑफसाठी पळायला लागलं, एटीसीच्या (विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोल टॉवरच्या) लक्षात आलं म्हणून थांबलं. नंतर पायलटना ड्युटीवरून उतरवलं, चौकशी लागली. चौकशी व्हायलाच पाहिजे हो, पण "तुम्ही टॅक्सीवेवर आहात" असं त्याच क्षणी मोठ्यांदा सांगणारी सिस्टीम प्रत्येक प्रवासी विमानात सक्तीची करा, एवढंच मागायला हे पत्र लिहितोय.

ही सिस्टीम कित्येक वर्षांपासून बाजारात आहे. हनीवेल या अमेरिकन कंपनीच्या सिस्टीममध्ये विमान रनवे नसलेल्या जागी 40 नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण 75 किमीच्या वर गेलं की "ऑन टॅक्सीवे" असा आवाज येतो. दुसरी सोय मूव्हिंग मॅपची, स्क्रीनवर अख्ख्या विमानतळाचा नकाशा आणि त्यावर आपलं विमान सरकताना दिसतं, आपल्या फोनवरच्या निळ्या ठिपक्यासारखं. एअरबसने ए380 मध्ये हे आणलं, मग ए350 मध्ये आलं, बोइंग 787 मध्येही आहे. पण आपण पुणे-दिल्ली ज्या लहान विमानांनी जातो त्यात हे ऑप्शनल, कंपनीने पैसे मोजून घेतलं तर मिळणार.

लोकांना वाटतं पायलट रस्ता चुकला म्हणजे बेफिकीर असणार. पण रात्रीची वेळ, वरून मुसळधार पाऊस, नुकतं उतरलेलं विमान, एकाच वेळी चेकलिस्ट चालू आणि एटीसी भराभर अक्षरं-आकडे सांगतंय, समोर निळे-हिरवे दिवेच दिवे, त्यात एक वळण हुकायला कितीसा वेळ लागतो? 2006 मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टनला पहाटेच्या अंधारात कॉमएअरच्या पायलटनी 22 नंबरच्या लांब रनवेऐवजी 26 नंबरचा आखूड रनवे धरला, 50 पैकी 49 जण गेले. तिथे बांधकामामुळे टॅक्सीवे बदलले होते आणि पायलटच्या हातातला चार्ट जुना होता. त्यानंतर अपघातांची चौकशी करणाऱ्या तिथल्या एनटीएसबीने हेच सांगितलं की कॉकपिटमध्ये मूव्हिंग मॅप नाहीतर चुकीच्या रनवेवर इशारा देणारी सिस्टीम बसवा. मिलानच्या लिनाते विमानतळावर 2001 मध्ये धुक्यात एक छोटं जेट चुकीच्या टॅक्सीवेने थेट रनवेवर आलं, 118 मेले, आणि जमिनीवरचं रडार बंद होतं.

आपल्याला हे नवीन नाही अण्णा. 1996 ला चरखी दादरीला दोन विमानं हवेत धडकून 349 माणसं गेली तेव्हा कुठे आपण टक्कर टाळणारी सिस्टीम सक्तीची केली. यावेळी आधीच करा ना, मोपाने फुकटात इशारा दिलाय.

नकाशा आला म्हणजे सगळं सुटलं असं मी म्हणत नाही. पायलट स्क्रीनकडेच बघत बसला तर तोही धोका, म्हणून ट्रेनिंग हवंच. शिवाय जीपीएसची गडबड आहे, नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीजवळ स्पूफिंग (खोटे सिग्नल सोडून चुकीची जागा दाखवणं) झालं होतं, तेव्हा जागेची खात्री नसेल तर नकाशाने गप्प न बसता तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे, ही अट डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या तुमच्या खात्याच्या संस्थेने, नियमातच घालावी.

खर्चाचं म्हणाल तर 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची ऑर्डर दिली, त्यातली कितीतरी अजून यायचीत. कारखान्यातच बसवून घेणं हे नंतर विमान उभं ठेवून बसवण्यापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून उशीर नको. नवीन येणाऱ्या प्रत्येक विमानात आधी करा, जुन्यांना ठरावीक मुदत द्या आणि तोपर्यंत निदान पायलटच्या टॅबलेटवर तरी विमानाची जागा दाखवणारा नकाशा असू द्या. नवी मुंबई नुकतंच सुरू झालंय, पुढे तिथे दुसरा रनवे होणार म्हणजे काम चालू असताना टॅक्सीवे बदलत राहणार, तिथले बदल नकाशात वेळच्या वेळी आले पाहिजेत, ही जबाबदारी कोणाची तेही लेखी ठरवा.

आणि टॅक्सी करताना चुकलेल्या वळणांची आकडेवारी दरवर्षी लोकांसमोर ठेवा, पायलटचं नाव न घेता. शिक्षेची भीती नसेल तर ते स्वतःहून रिपोर्ट करतील. तुम्ही पुण्याचे, म्हणून हक्काने तुम्हालाच लिहिलं, डीजीसीएकडून यावर उत्तर मागवा.

आपला,
लोहगावहून सारखा ये-जा करणारा एक पुणेकर