वाघ पुढे करून आमचे दावे किती दिवस लटकवणार?

मा. वनमंत्री, गोवा राज्य,

सादर नमस्कार.

आमच्या सत्तरी तालुक्यातल्या गावात वनहक्काची ग्रामसभा, म्हणजे वनहक्क कायद्याखाली जंगलातल्या जमिनीवरचे आमचे दावे तपासणारी, परवा पुन्हा तहकूब झाली. कोरम नाही! निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला, हे सगळ्यांना ठाऊक. तरी सभा ठेवली ऐन काजूच्या हंगामात, कामाच्या दिवशी, सकाळी. बोंडू गोळा करायचे की कोरम भरायचा, आपणच सांगा.

२४ जुलै २०२३ ला उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत इथल्या जंगलात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितले आणि बारा महिन्यांत वनवासींचे दावे निकाली काढायला. प्रकल्प नको म्हणून सरकार दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात धावले. दाव्यांसाठी आमच्या तालुक्याच्या गावी, वाळपईपर्यंत तरी यायचे होते.

स्थळपाहणीला वनखात्याचा माणूस येतो तेव्हा तलाठी नसतो, दोघे आले तर जीपीएस नसते. वनहक्क नियमांतला नियम १२अ म्हणतो, खाते गैरहजर म्हणून दावा फेरपाहणीला आला आणि खाते तेव्हाही फिरकले नाही, तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. तो वाचतो कोण? नियम १३ मधले दोन पुरावे पुरतात, ज्येष्ठांचे लेखी निवेदन आणि जुनी विहीरसुद्धा चालते. अमुकच कागद आणा असा हट्ट धरायला मनाई आहे. तरी मागतात कागदच. अनुसूचित जमातीत नसलेल्याने, म्हणजे धनगर-गवळ्यानेसुद्धा, १३ डिसेंबर २००५ पूर्वीची ७५ वर्षे दाखवायची. १९३० चा, पोर्तुगीज अमदानीतला कागद गोठ्यात शोधायचा काय?

वर आम्हालाच भीती घालता की वाघ आला की गावे उठणार. वन्यजीव कायद्याचे कलम ३८व्ही वाचा: हक्क निश्चित झाल्याशिवाय आणि संमतीशिवाय कुणाला हलवता येत नाही. म्हणजे आमचे संरक्षण ज्या कागदात आहे, तोच तुम्ही अडवून धरलाय. आमची एवढी काळजी!

मोलेत १०७ चौ. कि.मी. राष्ट्रीय उद्यान १९७८ पासून आहे. तिथे गुरे चारायला बंदी, पण रेल्वेचा दुसरा रूळ, ४०० केव्हीची वीजवाहिनी आणि चौपदरी रस्ता यांच्या फायली कशा भराभर पळाल्या! रूळ अडवला तो २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तुम्ही नव्हे. २०२० च्या जानेवारीत गोळावलीत विषाने चार वाघ मेले, तेव्हा दौरे झाले, फोटो झाले. जंगलात म्हशी राखणाऱ्याचा वनहक्काचा दावा होता तिथेच राहिला. जंगलही नको आणि जंगलातला माणूसही नको, मग हे खाते आहे कोणासाठी?

पुढची सभा पावसाळ्यातल्या रविवारी ठेवा. तलाठी आणि वनरक्षक एकाच दिवशी पाठवा, जीपीएस चार्ज करून. दावा फेटाळलात तर कारण लेखी द्या, अपिलाला ६० दिवसच मिळतात.

आपला,
सत्तरीतील एक काजू बागायतदार