मानांकनाची पाटी लागली, मोजमापाचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणात हल्ली ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी अशा बऱ्याच ठिकाणी ‘आयएसओ मानांकित’ अशी पाटी दिसते. भिंती रंगल्या, दप्तर लागले, प्रमाणपत्र चौकटीत गेले की काम झाले, अशी समजूत रूढ होत आहे. ती फार घातक आहे.

आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतले नववे कलम सगळेच्या सगळे कामगिरीच्या मूल्यमापनाचे आहे. काय, कसे आणि केव्हा मोजायचे हे आधी ठरवा, लोकांचे समाधान तपासा, अंतर्गत तपासणी निःपक्षपातीपणे करा आणि वरिष्ठांनी आढावा घ्या, असे ते सांगते.

मासळी प्रक्रिया कारखान्याच्या गुणवत्ता विभागात माझी नोकरी झाली. शीतगृहाचे तापमान उणे १८ अंशांवर टिकले नाही, तर आला तो आकडा तसाच लिहायचा. शेजारी कारण आणि केलेली दुरुस्ती. महिनाभराचे आकडे एकसारखे दिसले, तर साहेब आधी वही लिहिणाऱ्याला बोलावत.

आमच्या भागातल्या एका मानांकित ग्रामपंचायतीत ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात उरलेले क्लोरिन तपासल्याची, वही पाहिली. अख्खा जुलै रोज लिटरला ०.२ मिलिग्रॅम. एकच पेन, एकच अक्षर. विहिरीला गढूळ पाणी आले, त्या दिवशीही ०.२. टाकीजवळच्या नळाला असते तेवढे क्लोरिन शेवटच्या वाडीपर्यंत टिकेलच असे नाही. पण त्या टोकाचा नमुना कधी घेतल्याची नोंदच नाही. ही तपासणी करणाऱ्या गावच्या जलसुरक्षकाला मी दोष देणार नाही. तुटपुंज्या मानधनावर तो राबतो आणि त्याची वही उघडून पाहणारे कुणी नाही.

जल जीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटरचे आहे. योजना पूर्ण झाल्याच्या दाखल्यावरून मे महिन्यात वरच्या वाडीला ते मिळते की नाही, हे कळत नाही. किती दिवस पाणी आले, किती वेळ आले, तक्रार किती दिवसांत मिटली, हे मोजायला हवे. तपासणीला शेजारच्या ग्रामपंचायतीची माणसे बोलवावीत. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतातच; तिथे ही वही मोठ्याने वाचावी.

पाटी लावलेल्या प्रत्येक ग्रामपंचायतीकडून गटविकास अधिकाऱ्यांनी गेल्या वर्षीच्या आढाव्याचे इतिवृत्त मागवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी