जे मनात आहे तेच देवाला सांगा

पुणे, रविवार

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "रोज पहाटे तासभर प्रार्थना होते, तरी उठताना मन होतं तितकंच जड कसं?" आई मागून म्हणाली, "आपलाच विश्वास कमी पडत असंल." फोनवर घाईत यावर काही बोलण्यात अर्थ नव्हता, म्हणून हे पत्र.

आई, विश्वास कमी पडतो असं मला अजिबात वाटत नाही. विश्वास नसता तर या वयात पहाटे चारला उठून कोणी बसलं नसतं. अडतं ते दुसरीकडेच. बाबांच्या प्रार्थनेत देश येतो, पाळकसाहेब येतात, देवपूरच्या मंडळीतले आजारी लोक, नातवंडं, पाऊसपाणी, सगळं येतं, आणि ते यावंच. पण साक्रीकडच्या शेताच्या बांधावरून काकांचा आलेला राग येत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची भीती येत नाही. आपल्यामागे आईचं कसं होईल, हा विचारही येत नाही. देवापुढे असं बोलणं बरं दिसत नाही म्हणून ते बाजूला ठेवलं जातं आणि आमेन म्हटल्यावर पुन्हा उचललं जातं. ज्याचं ओझं आहे तेच देवापुढे कधी ठेवलं गेलं नाही, तर हलकं काय होणार?

"अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." येशूचं हे वचन, मत्तय ११:२८, तुम्हाला पाठ आहे. बोलावणं भार असलेल्यांना आहे, भार घरी ठेवून आवरून-सावरून येणाऱ्यांना नाही.

पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. रडणं, तक्रार, "कुठे आहेस तू" असा थेट सवाल. आपल्याकडे उपासनेत २३, १०० आणि १२१ वारंवार वाचली जातात, विलापाची मात्र मागे राहतात. म्हणून देवाशी असं बोलता येतं हेच आपण विसरून गेलो आहोत.

१३वं स्तोत्र काढा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत दावीद राजा "कोठवर?" असं चार वेळा विचारतो: तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी मनात कोठवर दुःख वागवू, शत्रू माझ्यावर कोठवर वरचढ राहणार. पुढच्या दोन ओव्यांत साधं मागणं आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश घाल. आणि शेवटच्या दोनांत भरवसा. हा क्रम नीट पाहा. भरवसा शेवटी आहे, आणि तो तक्रार पूर्ण बोलून झाल्यावर आला आहे. आपण पहिल्या चार ओव्या गाळून एकदम शेवटच्या दोन म्हणायला जातो. मग ओठ "तू भला आहेस" म्हणतात आणि आत जीव कुढत राहतो. दिवसभर जाणवणारा थकवा बराचसा या ओढाताणीचा असतो. ३२व्या स्तोत्रात दावीद तेच सांगतो: मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. तो तिथे पाप लपवण्याबद्दल बोलतो, पण भीती आणि राग लपवल्यानेही माणूस असाच झिजतो असं मला ठामपणे वाटतं.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्नाही आठवा, आई. मंदिरात ती मुलासाठी इतकी मनापासून प्रार्थना करत होती की ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. एली याजकाला वाटलं बाई दारू पिऊन आली आहे. तिने सांगितलं, मी परमेश्वरापुढे मन मोकळं करते आहे. एलीने तिला शांतीने जा म्हटल्यावर ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा मग उदास राहिला नाही. तोवर मूल झालं नव्हतं, दिवसही गेले नव्हते. सवतीचे टोमणे घरी तसेच वाट पाहत होते. विसावा मागणं पूर्ण होण्याआधी मिळाला.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते. तासभर नको, वीस मिनिटं धरा. वेळ पहाटेचीच ठेवा, तुमची सवय आहे ती मोडू नका, पण चहा आणि बीपीची गोळी आधी घ्या. मोबाईल दुसऱ्या खोलीत. गुडघे टेकायचा आग्रह सोडा. बाबा, तुमचे गुडघे दुखतात आणि निम्मं लक्ष तिकडेच जातं. दावीद परमेश्वरापुढे बसला होता, हिज्कीया राजा आजारपणात अंथरुणातूनच भिंतीकडे तोंड करून रडला, येशूच्या दाखल्यातला जकातदार उभा होता. खुर्चीत पाठ टेकून बसा.

पहिली दोन-तीन मिनिटं काहीच बोलू नका. मन पळेल, पळू द्या. ज्या गोष्टीकडे ते पुन्हा पुन्हा पळतं, तीच आज बोलायची गोष्ट आहे. प्रार्थनेत लक्ष लागत नाही म्हणून आपण मनाला दटावतो, पण खरं दुखणं कुठे आहे ते मन तेवढ्यात दाखवून देत असतं. मग एक स्तोत्र मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचा. पहिले काही दिवस ३, ४, १३, ६२, १३० आणि १३१ यांतलं एकेक घ्या. १३१ तर तीन ओव्यांचं आहे.

त्यानंतर ती एकच गोष्ट देवाला सांगा, तपशिलासकट. "प्रभू, आमच्या कुटुंबात शांती दे" एवढ्यावर थांबू नका. "भावाने बांध दोन फूट आत सरकवला, तेराव्याला सगळ्यांसमोर मला खोटं पाडलं, त्याचं नाव काढलं तरी माझं डोकं तापतं," असं सांगा. देवाला ठाऊक आहेच. आपण सांगतो ते त्याला कळावं म्हणून नव्हे, आपण लपायचं थांबावं म्हणून. आणि हे छापील मराठीत सांगायची गरज नाही. "हे सर्वसमर्थ, परमदयाळू स्वर्गीय पित्या" हे उपासनेत शोभतं, तिथे ते हवंच. घरात एकटे असताना आपल्या अहिराणीत "देवा, माले भ्याव लागस" एवढं पुरे आहे. आजी जशी चुलीपुढे बोलायची तशी बोला.

मग मागणं, एका वाक्यात. मग एक कबुली, तीही नेमकी. "कळत-नकळत झालेल्या सर्व पापांची क्षमा कर" यात काहीच पकडीत येत नाही. "काल आईवर खेकसलो" हे पकडीत येतं, आणि त्यावर आईला जाऊन काही बोलताही येतं. एकदा कबूल केलेलं पाप रोज नव्याने कबूल करत बसू नका. त्याने नम्रता वाढत नाही, क्षमा झाली यावरचा भरवसा मात्र कमी होतो. शेवटी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना, एकेका विनंतीवर थांबत. आमेन. उठा.

नम्रतेबद्दल थोडं. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातल्या दाखल्यात परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा तो माणूस, काय खोटं बोलला? आठवड्यातून दोनदा उपास आणि कमाईचा दशमांश देवाला, तो हे खरंच करत असणार. पण त्याने देवाकडे मागितलं काहीच नाही, नुसता हिशेब वाचून दाखवला, आणि तोही शेजारच्या माणसाशी तुलना करत. जकातदाराची प्रार्थना एका ओळीची: "हे देवा, मज पाप्यावर दया कर." तो नीतिमान ठरून घरी गेला. पण हे वाक्यही दिखाव्याचं होऊ शकतं. आपल्या कॉटेज मीटिंगमध्ये, घरोघरच्या प्रार्थनासभेत, काहींची "मी नालायक, मी धूळ, मी माती" अशी लांबण चालते, त्यात लक्ष पुन्हा "मी"वरच राहतं. ज्याला मदत लागते तो मदत मागतो, नम्रता इतकी साधी असते. मार्कच्या ९व्या अध्यायात आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाने काय म्हटलं? "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." दोन्ही एका दमात. येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हटलं नाही, मुलाला बरं केलं.

बिघडतं कुठे, तेही सांगून ठेवते. सगळ्यात जास्त बिघडतं ते काळजीच प्रार्थनेचे कपडे घालून येते तेव्हा. एकच गोष्ट दहा तऱ्हांनी बोलली जाते आणि मध्येच मनात काकांना द्यायची उत्तरं तयार होऊ लागतात. हे ओळखता येतं, कारण अशा प्रार्थनेनंतर छाती जास्त धडधडते. तसं झालं की थांबा. ती गोष्ट वहीत तारीख घालून एका ओळीत लिहा. पुन्हा मनात आली की सगळं नव्याने उगाळू नका, "प्रभू, हे तुझ्याकडे दिलं आहे" एवढंच म्हणा आणि हाताला काम द्या, तुळशीला पाणी, शेंगा फोडणं, काहीही. प्रेषित पेत्र चिंता "त्याच्यावर टाका", म्हणजे देवावर, म्हणतो. हे टाकणं दिवसातून वीस वेळा करावं लागलं तरी तो पराभव नव्हे.

दुसरं म्हणजे सौदा. "ऑपरेशन नीट झालं तर अमुक अर्पण देईन" असं बोलू नका. अर्पण द्यायचं तर आभार म्हणून द्या. सौद्यात सतत धाकधूक राहते, आपलं माप कमी तर पडलं नाही ना, आणि त्यात विसावा मिळणं शक्य नाही.

तिसरं तुम्हा दोघांसाठी. संध्याकाळी एकत्र प्रार्थना करता तेव्हा एकमेकांना ऐकवण्यासाठी देवाशी बोलू नका. "प्रभू, या घरातल्यांना वेळेवर औषध घ्यायची सुबुद्धी दे" हे देवाला नाही, बाबांना सांगितलेलं असतं. ते सरळ बाबांनाच सांग, आई. प्रार्थनेत स्वतःचंच बोला, दोघांनी पाच-पाच मिनिटं, आणि दुसऱ्याने मध्ये काही सुचवायचं नाही.

काकांचं थोडं सविस्तर लिहिते, कारण प्रार्थना अडते ती बहुतेक तिथेच. प्रभूच्या प्रार्थनेतली "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" ही ओळ म्हणताना तुमचा आवाज उतरतो, बाबा. क्षमा करवत नसेल तर ती ओळ घाईत म्हणून पुढे जाऊ नका. थांबून म्हणा, "प्रभू, मला त्याला माफ करायचं नाही. तशी इच्छासुद्धा नाही. ती इच्छा दे." ही पूर्ण प्रार्थना आहे, अर्धी नाही. मग काकांसाठी एकच चांगली गोष्ट मागा, त्यांच्या शुगरसाठी, त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी. पहिले काही आठवडे ते कोरडंच वाटेल, तरी करा. आणि क्षमा म्हणजे हक्क सोडणं नव्हे. मोजणीचा अर्ज तसाच राहू द्या, बांध कुठे आहे ते मोजणीत ठरेल. राग सोडूनही मोजणी करता येते, उलट तेव्हाच ती शांतपणे होते.

रात्री तीनला जाग येते त्या वेळेसाठी: दिवा लावू नका, मोठी प्रार्थना सुरू करू नका. श्वास घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता", सोडताना "मज पाप्यावर दया कर". पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ही लहान प्रार्थना शतकानुशतकं चालत आली आहे. किंवा ४थ्या स्तोत्राची शेवटची ओवी घ्या. झोप लागली तर प्रार्थना अर्धी राहिली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

काही दिवस काहीच जाणवणार नाही. ८८वं स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात भरवशाची ओवी येतच नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. प्रेषित पौलाने "शरीरातला काटा" म्हटलेलं दुखणं जावं म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा राहिलाच, मिळाली ती कृपा. आणि मत्तयमध्ये विसाव्याच्या वचनाला लागूनच "माझे जू आपणांवर घ्या" आहे. साक्रीला नवा गोऱ्हा जुन्या बैलाशेजारी जुंपायचे, आठवतं? ओढायचं त्यालाही होतंच, पण एकट्याने नाही. ऑपरेशन, मोजणी, म्हातारपण यातलं काहीही टळणार नाही. ते तुम्ही एकट्याने ओढू नका एवढंच म्हणते.

आणखी एक, हे कृपा करून ऐका. बाबा, शुगरची गोळी घेऊन दिवसभराचा उपास करायचा नाही. शुगर एकदम उतरते, चक्कर येऊन पडाल. उपास करायचाच तर टीव्हीचा करा. आणि झोप न लागणं, जेवण नकोसं वाटणं, कशातच मन न रमणं हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर डॉक्टरांना सांगायचं. तो विश्वासाचा कमीपणा नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. बोलणं त्यानंतर.

मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र आणि एक रेघांची वही कुरियरने पाठवते आहे, गुरुवारपर्यंत मिळेल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी धुळ्याला पोचते. तोवर आई, ड्रॉप्सच्या वेळा फ्रिजवर लिहून लाव.

तुमची,
ताई