गणपती पेठेतल्या शिलाईवाल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

ब्लाउज शिवायला तुमच्याकडे आलेली एखादी मुलगी पुढे आमच्याकडे येते, तेव्हा तिच्या पर्समध्ये तुमची चिठ्ठी असते : ‘उजवी बाजू लहान, १४० मिली.’ सांगलीत लहान-मोठे स्तन सारखे करण्याच्या शस्त्रक्रियेच्या पेशंटची काळजी घेणाऱ्या आम्हा सिस्टरांकडून या एका ओळीबद्दल तुमचे मनापासून आभार.

ज्यांना ही युक्ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मावशी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत मोहरी भरतात, ती लहान बाजूच्या कटोरीत ठेवतात आणि मुलीला सरळ उभी करतात. कटोरीवरची चुणी जाईपर्यंत मोहरी कमी-जास्त करायची, मग ती मापाच्या कपात ओतून आकडा लिहायचा. इम्प्लांट, म्हणजे स्तन मोठा करायला आत बसवायची कृत्रिम पिशवी, हीही मिलीमध्येच मोजतात, म्हणून सर्जनला सुरुवातीलाच अंदाज येतो. अंदाजच, कारण पिशवी कातडीवर बसते आणि इम्प्लांट आत दाबलं जातं. शिवाय छातीच्या रुंदीत न मावणारं इम्प्लांट काखेकडे सरकतं. ऑपरेशन टेबलावरही हेच करतात : मापापुरतं तात्पुरतं इम्प्लांट आत ठेवून, भूल दिलेल्या पेशंटला टेबलासकट अर्धं बसवून पायाकडून बघतात. आडवं झोपल्यावर स्तन बाजूला पसरतात, फरक लपतो. कुठे कापायचं त्याच्या खुणाही म्हणूनच आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी, उभं करून काढतात.

तुम्ही मुलींना एक प्रश्न विचारता, तो तर आमच्या कितीतरी समुपदेशनापेक्षा सरस आहे : ‘लहान मोठी करायची, की मोठी लहान?’ बहुतेकींनी पहिलंच धरलेलं असतं. पण मोठी बाजू ओघळलेली असेल तर दुसरीकडे नुसतं इम्प्लांट घालून भागत नाही. एक वरून भरीव गोल, दुसरी खाली झुकलेली. पुढे वजन वाढलं, बाळंतपण झालं की नैसर्गिक बाजू बदलते, इम्प्लांट तसंच राहतं आणि जोडी पुन्हा मोडते. इम्प्लांट जन्मभराचंही नसतं. भोवतीचं आवरण आवळून घट्ट होऊ शकतं, कधी ते फुटतं, मग पुन्हा ऑपरेशन. म्हणून अनेकदा मोठी बाजू कमी करणं किंवा उचलणं बरं पडतं. काढलेला भाग ग्रॅममध्ये तोलतात आणि तपासणीला पाठवतात. मात्र व्रण राहतो, निपलची संवेदना कमी होऊ शकते, पुढे दूध कमी येऊ शकतं. लग्नाआधी येणाऱ्या मुलीला हे स्पष्ट सांगावंच लागतं. फरक थोडा असेल तर पोटाची किंवा मांडीची चरबी भरता येते. त्यातली बरीचशी पहिल्या काही महिन्यांत जिरते, म्हणून दुसरी खेप लागू शकते.

अठराच्या आतल्या मुलींना तुम्ही नुसतं पॅड शिवून देता आणि दर सहा महिन्यांनी माप घ्यायला बोलावता, हेही योग्यच. वर्षभर माप हललं नाही की मग डॉक्टर. कितीजणींचं त्या पॅडवरच भागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. थोडा फरक तर जवळजवळ प्रत्येकीला असतो.

तुमची जुनी मापवहीही कामाला आली. वर्षानुवर्षं सारखं असलेलं माप एका बाजूला अचानक बदललं, गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, तर कॉस्मेटिकचा विषयच नाही, आधी तपासणी. अशा बायकांना तुम्ही कापड बाजूला ठेवून थेट दवाखान्याची वाट दाखवलीत.

मिश्रीबद्दल तर तुम्ही आमच्याहून जास्त बोलता. तंबाखूमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, निपलला आणि टाक्यांच्या कडांना रक्त कमी पडतं, कातडी काळी पडून जखम उसवते. ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे मिश्री बंद. ‘नुसती दाताला लावते’ म्हणणाऱ्या बाईला हे पटवणं आम्हाला जमत नाही; तुम्हाला जमतं. सांगलीत हळदीला तोटा नाही, पण टाक्यांवर ती नको, हेही तुम्हीच सांगता.

आता ऑपरेशननंतर घालायला तुम्ही शिवता त्या ब्रा. समोर हूक, तार नाही, खांद्याचे पट्टे रुंद, शिलाई बाहेरच्या बाजूला म्हणजे व्रणाला घासत नाही. ही ब्रा साधारण सहा आठवडे रात्रंदिवस घालायची असते. हूकच्या तीन रांगा ठेवल्यात म्हणून सूज उतरेल तशी ती आवळता येते. आतून अस्तर पांढरं, त्यामुळे रक्ताचा डाग लगेच दिसतो. पहिल्या दिवसात एकच बाजू झपाट्याने फुगली, टणक झाली, दुखू लागली, तर आत रक्त साठलेलं असतं. गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही. घट्ट ब्राखाली हे लपू नये म्हणून हूक समोर हवेत.

एक विनंती. पुढच्या लॉटमध्ये खालचा पट्टा एक बोट रुंद करा आणि काखेकडे थोडी जास्त माया सोडा. जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी तिथूनच बाहेर येते, इलास्टिकखाली ती दुमडली की पाणी आतच साठतं. कटोऱ्या मात्र आहेत तशाच वेगवेगळ्या मापाच्या ठेवा. दोन्ही बाजूंची सूज एका वेगाने उतरत नाही.

तुमच्या,
ड्रेसिंग रूममधल्या सिस्टर