खेळातल्या माणसांना नीट लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेमवरच्या आपल्या लेखाला उत्तर देणारी दोन पत्रं गेल्या आठवड्यात वाचली. विज्ञानकथेच्या खेळांत समलिंगी आणि तृतीयपंथी पात्रं ओढूनताणून घुसवतात, हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, असा दोन्ही पत्रांचा सूर. हे खेळ मी कॉलेजपासून आवडीने खेळत आले आहे, आणि मला हे अजिबात मान्य नाही.

परग्रहावरचे जीव, हजारो वर्षं जगणाऱ्या जमाती, प्रकाशापेक्षा वेगवान यानं हे सगळं आपण बिनतक्रार मान्य करतो. मग दोन पुरुषांच्या संसाराशीच विश्वास का अडखळतो? खरं तर या खेळांची कल्पनाशक्ती फार धीट होती असंही नाही. ‘मेट्रॉइड’ (१९८६) मध्ये चिलखतातला योद्धा बाई आहे हे शेवटी कळतं, पण खेळ जितक्या लवकर संपवाल तितके तिचे कपडे कमी! ‘मास इफेक्ट’ (२००७) मध्ये असारी नावाची एकच लिंग असलेली जमात आहे, तरी त्या सगळ्यांचे देह पुरुषांच्या नजरेला आवडतील अशा बायकांचे. यातलं मुख्य पात्र शेपर्ड, ते बाई की पुरुष हे खेळाडूने ठरवायचं. बाई शेपर्ड लियारा नावाच्या असारीच्या प्रेमात पडू शकत होती. पुरुष शेपर्डला पुरुषावर प्रेम करायला तिसरा भाग, म्हणजे २०१२ साल उजाडावं लागलं.

त्याच तिसऱ्या भागातला यानचालक स्टीव्ह कॉर्टेझ मला विसरता येत नाही. त्याचा नवरा हल्ल्यात गेलेला. नवऱ्याचा शेवटचा ध्वनिमुद्रित संदेश कॉर्टेझ पुन्हा पुन्हा ऐकतो, आणि आपण समजावलं तर मृतांच्या स्मृतिभिंतीपाशी जाऊन नवऱ्याला निरोप देतो. तो समलिंगी आहे याची दवंडी कुणी पिटत नाही. युद्धात माणूस गमावलेल्या कुणाचंही असावं तसं ते दुःख आहे.

याच मालिकेतल्या ‘अँड्रोमेडा’ने (२०१७) मात्र माती खाल्ली. हेनली एब्रम्स ही ट्रान्स स्त्री पहिल्याच भेटीत, काही ओळख नसताना, आपलं जुनं नाव नायकाला सांगून टाकते. असं कोण करतं? जे नाव मागे टाकायला आयुष्य खर्ची पडलं, ते अनोळखी माणसापुढे सहज कोण काढेल? ट्रान्स खेळाडूंनी हे ठणकावून सांगितलं. हा खेळ बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीने जाहीर माफी मागितली आणि संवाद बदलले. पात्र काढून टाकलं नाही, सुधारलं. ‘ओढूनताणून’ म्हणतात ते इथे खरंच होतं, पण त्यावरचा इलाज ते जगणं जगलेल्या माणसांना विचारून लिहिणं हाच आहे.

आता ‘पाश्चात्त्य खुळा’बद्दल. माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा देवीला आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची किती कुटुंबं जातात! तिथे साडी नेसलेल्या, डोक्यावर ‘जग’ म्हणजे देवीची परडी घेतलेल्या जोगप्पांच्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या तृतीयपंथीयांच्या हातून भंडारा लावून घेताना कुणाला हे परकं वाटत नाही. याच परंपरेतल्या ट्रान्स स्त्री मंजम्मा जोगती २०१९ मध्ये कर्नाटक जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्षा झाल्या, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. देवीच्या दारात नमस्कार करायचा आणि घरी येऊन त्यांच्यासारखी माणसं गोष्टीत नकोत म्हणायचं, याचा मला राग येतो. घर भाड्याने देतानाही आपलं हेच वागणं असतं, आणि त्याची झळ खेळातल्या पात्रांना नाही, खऱ्या माणसांना बसते.

विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच गावात आहे. इथली मुलं उद्या स्वतःचे खेळ बनवतील, त्यांच्या गोष्टी लिहितील. आपल्या पुरवणीत या खेळांच्या कथांवर नियमित लिहवून घ्यावं आणि त्यातलं निदान काही लेखन जोगप्पा किंवा ट्रान्स लेखकांकडून घ्यावं, मराठीत असो वा कन्नडमधून अनुवादित, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव