मूक विनोदपटांच्या इतिहासात मेबल नॉर्मंड कुठे आहे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मूकपटांच्या काळातील विनोदवीरांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. चॅप्लिन, बस्टर कीटन आणि हॅरॉल्ड लॉइड या तिघांविषयी लेखकाने आत्मीयतेने लिहिले आहे. मात्र एवढ्या विस्तृत लेखात मेबल नॉर्मंडचा उल्लेख एकदाच, तोही चॅप्लिनची नायिका म्हणून यावा, याची खंत वाटली.

मॅक सेनेटने १९१२ मध्ये कीस्टोन ही विनोदपट काढणारी कंपनी काढली, तेव्हापासून मेबल तिची प्रमुख अभिनेत्री होती. चॅप्लिन तिथे रुजू होईपर्यंत ती प्रेक्षकांची इतकी लाडकी झाली होती की तिचे नाव चित्रपटांच्या शीर्षकातच घातले जात असे. ढगळ विजार, तोकडा कोट, टोपी आणि काठी हा चॅप्लिनचा जगप्रसिद्ध वेष कॅमेऱ्यासमोर प्रथम आला तो १९१४ च्या ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’ या चित्रपटात. ‘किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस’ हा नंतर चित्रित झालेला चित्रपट दोन दिवस आधी प्रदर्शित झाल्यामुळे पहिलेपणाचा मान त्याच्याकडे गेला, एवढेच. ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’च्या दिग्दर्शनाचे श्रेय सहसा मेबललाच दिले जाते, आणि नेमकी हीच गोष्ट आपल्याकडच्या लेखांतून गळून पडते.

त्याच वर्षी ‘मेबल ॲट द व्हील’चे दिग्दर्शन तिच्याकडे आले, तेव्हा चॅप्लिनचे तिच्याशी खटके उडाले. एका तरुण मुलीच्या हाताखाली काम करणे आपल्याला रुचले नाही आणि तिच्या कुवतीविषयीही शंका होती, हे त्याने १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात स्वतःच नमूद केले आहे. तो प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो, पण तोपर्यंत मेबलच्या मृत्यूला चौतीस वर्षे उलटली होती आणि त्या भांडणाची हकीकत तेव्हापासून बहुतेक वेळा चॅप्लिनच्याच तोंडून सांगितली जाते.

तिचा अभिनय पाहायचा असेल तर १९२३ चा ‘द एक्स्ट्रा गर्ल’ पाहावा. मेबलने रंगवलेल्या, अभिनेत्री होण्याच्या आशेने हॉलिवूडला आलेल्या मुलीला स्टुडिओच्या कपडेपटात काम करावे लागते. तिथे सिंहाचे सोंग दिलेला एक कुत्रा असतो आणि एक खराखुरा सिंहही असतो. दोरी धरून आपण कुत्र्यालाच नेत आहोत अशा समजुतीने ती सिंहाला ओढत निघते. भोवतालच्या माणसांची पळापळ होते आणि मेबलच्या चेहऱ्यावर मात्र हातातले काम उरकायचे आहे, एवढाच भाव असतो. हसवण्यासाठी ती वेगळे असे काहीच करत नाही, आणि म्हणूनच हसू आवरत नाही. सेनेटच्या आरडाओरड्याच्या आणि धावपळीच्या विनोदात हा संयम तिने कसा टिकवला असेल, याचे मला नेहमी नवल वाटते.

तिच्या विस्मृतीला निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. पडद्यावरचा तिचा नेहमीचा जोडीदार, विनोदी अभिनेता रॉस्को आर्बकल १९२१ मध्ये एका तरुणीच्या मृत्यूच्या खटल्यात अडकला आणि तिसऱ्या ज्यूरीने निर्दोष ठरवूनही त्याची कारकीर्द सावरली नाही. १९२२ च्या फेब्रुवारीत दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलरचा खून झाला. त्या संध्याकाळी मेबल त्याला भेटून गेली होती. तिच्यावर कधीही आरोप ठेवला गेला नाही आणि खुनाचा छडाही लागला नाही, तरी वृत्तपत्रांनी तिची पाठ सोडली नाही. पुढे १९३० मध्ये क्षयाने तिचे निधन झाले. ज्यांच्या बातम्यांनी तिची कला झाकोळली त्यात वृत्तपत्रे होती, म्हणून तिच्यावर स्वतंत्र लेख छापण्याची विनंती एका वृत्तपत्रालाच करणे मला उचित वाटते.

आपल्या शहरांतील फिल्म सोसायट्यांनाही एक सुचवावेसे वाटते. ‘द एक्स्ट्रा गर्ल’वरील स्वामित्वहक्काची मुदत अमेरिकेत संपलेली आहे, तेव्हा मूकपटांच्या कार्यक्रमात तो अवश्य घ्यावा, आणि दाखवताना गतीकडे लक्ष द्यावे. त्या काळातील कॅमेरे हाताने फिरवले जात आणि पुष्कळदा सेकंदाला सोळा ते वीसच्या आसपास चौकटी (फ्रेम्स) टिपल्या जात. अशी फीत बोलपटांच्या चोवीस चौकटींच्या वेगाने चालवली की माणसे तुरुतुरु पळू लागतात. कीस्टोनच्या पाठलागांना हा वेग काही वेळा मुद्दामच दिलेला असे, परंतु मेबलच्या नजरेतील बारकावे त्यात पार हरवून जातात.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, सातारा