‘खाक्या’ म्हणजे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला.’ परवा नात वर्तमानपत्रातले हे वाक्य मोठ्याने वाचत होती. मध्येच थांबून तिने विचारले, ‘आजी, खाक्या म्हणजे काय?’ ‘चोप,’ तिचे बाबा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, आणि रात्रभर त्या हसण्याची लाज वाटत राहिली.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. १७५७ मध्ये फ्रान्सच्या राजावर चाकू चालवणाऱ्या दामियाँला पॅरिसच्या भर चौकात हालहाल करून मारले, तेव्हा बघ्यांची गर्दी लोटली होती. अवघ्या सात वर्षांनी इटलीतल्या बेकारिया या विचारवंताने लिहिले, की छळाने दणकट अपराधी सुटतो आणि अशक्त निरपराध अडकतो. युद्ध असो वा आणीबाणी, छळाला कोणतीही सबब चालणार नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या करारात यायला मात्र १९८४ साल उजाडले.

एवढ्या कष्टाने कमावलेले गमवायला फार काळ लागला नाही. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्यापुढे २००२च्या डिसेंबरात ग्वांटानामो या क्युबातल्या अमेरिकी लष्करी तळावरच्या कैद्यांच्या चौकशीचा कागद आला. कैद्याला चार तासांपर्यंत उभे ठेवावे, असे त्यात होते. त्यांनी सही केली आणि खाली हाताने लिहिले : मी दिवसाला आठ-दहा तास उभा असतो, मग यांना चारच तास का? हवे तेव्हा बसता येणे आणि पहाऱ्यात उभे केले जाणे, यातला फरकच त्यांना दिसेनासा झाला होता. तोवर छळ हा शब्द कागदांवरून गेला होता. त्याजागी ‘चौकशीची तंत्रे’ आली होती. आपला ‘खाक्या’ त्याच जातीचा.

‘पण कुठे बॉम्ब ठेवला असेल आणि पकडलेला माणूस सांगतच नसेल तर?’ असे जावई म्हणाले. छळ सोसणारा समोरच्याला हवे तेच बोलतो. इराक अल कायदाला रासायनिक अस्त्रांचे प्रशिक्षण देतो, हे अल-लिबी या कैद्याचे विधान २००३ मध्ये इराक युद्धाच्या तोंडावर अमेरिकेने सुरक्षा परिषदेत मांडले. पुढे त्याने ते मागे घेतले. मार थांबावा म्हणून आपण तसे बोललो, असे सांगितले. तोवर युद्ध सुरू होऊन गेले होते. आणि समजा खरी माहिती मिळालीच, तरी बांधलेल्या माणसावर हात उचलणे मला मान्य नाही.

एक विनंती आहे. मारहाण झाली असेल तर बातमीत मारहाण असेच लिहा. कबुलीपाशी बातमी संपवू नका. त्यातले न्यायालयात काय टिकले, तेही छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका